पुढचा उजवा दांडा

७ जानेवारी

आत्तिलिओ गेला. एकोणऐंशी वर्षांचा होता, त्यामुळे फार वाईट वाटून घेत नाही. पण आमच्या गावचे संत सान वितो, त्यांच्या मिरवणुकीतल्या मूर्तीचा पुढचा उजवा दांडा रिकामा झाला. चाळीस वर्षं आत्तिलिओच्या खांद्यावर होता, त्याआधी त्याच्या बापाच्या. शेवटची चार वर्षं तो नुसता हात लावून चालायचा, वजन बाकीचे उचलायचे. त्याला मुलगा नाही.

कबरस्तानातून परतताना एल्विओला गाठलं. एल्विओ आमच्या गावचा खाटीक, शाळेत माझ्या बाकावर होता, आता उत्सव समितीचा अध्यक्ष. म्हटलं, दांडा मला दे. तो म्हणाला, निकांद्रो, अजून माती ओली आहे. मी म्हटलं, म्हणूनच आधी सांगून ठेवतोय. त्यावर म्हणाला, नियम तुला माहीत आहे. पणजोबाचा जन्म तोर्रेफ्रेद्दा गावात झालेला पाहिजे, आणि तसा कागद पाहिजे. आहे का कागद?

नाही. पण पणजोबा होता ना. कागद असणारच. १५ जूनच्या उत्सवाला पाच महिने आहेत. एकतीस वर्षं मी तोर्रेफ्रेद्दा ते ओढ्यापलीकडचं पिएत्रालोंगा अशी बस चालवली, चौदा वळणं, बावीस मिनिटं, एकदाही लेट नाही. एक कागद शोधायला पाच महिने म्हणजे जास्तच झाले.

८ जानेवारी

संकल्प: १) रोज तासभर संशोधन. २) वाइन फक्त जेवताना. ३) लिबेराशी वाद नाही.

तिसरा दुपारीच मोडला. बायकोला कागदाचं सांगितलं तर ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली, तुझा पणजोबा इथलाच होता कशावरून? मी म्हटलं, तुझ्यासारख्या पिएत्रालोंगाच्या बाईने हे विचारावं? ज्या गावात आजवर कुणी वेळेवर स्टॉपवर आलं नाही, त्या गावाने आम्हाला इतिहास शिकवू नये. ती वाटाणे सोलत राहिली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या मुद्द्यावर तिला कधी उत्तर सुचलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

नगरपालिका. जन्ममृत्यूचं ऑफिस मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते बारा. मी नऊ पन्नासला हजर. तिल्देबाई दहा वीसला आल्या. कोट काढला, हीटर लावला, हीटर तापेपर्यंत कॉफी घेतली. पावणेअकरा.

मग म्हणाल्या, कोणतं वर्ष? मी म्हटलं, अंदाजे. त्या म्हणाल्या, अंदाजे असं वर्ष आमच्याकडे नाही. शिवाय जुन्या वह्या तळघरात, तळघराची किल्ली महापौरांकडे, महापौर ऑलिव्हच्या गिरणीवर. आधी चर्चच्या वह्यांमधून वर्ष शोधून आणा, आणि जन्माची वही बघाल तेव्हा मृत्यूची पण बघा.

माझा पणजोबा एक्क्याऐंशी वर्षं जगला. आजोबा सांगायचे, शेवटपर्यंत दात शाबूत. जिवंत माणूस शोधताना मेलेल्यांची वही कशाला बघायची? सरकारी लोकांना काम वाढवून ठेवायची सवयच असते. असो.

२३ जानेवारी

चर्च बंद. फादर सेबास्तियान दुसऱ्या गावात. त्यांच्याकडे तीन गावं आहेत.

२८ जानेवारी

फादर आजही दुसऱ्या गावात. गुडघा दुखतो. चर्चच्या एकोणचाळीस पायऱ्या.

४ फेब्रुवारी

फादर भेटले. तरुण माणूस, भारतातला, केरळचा. आमच्याकडे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली, पण एल्विओपासून सगळे त्यांना आमचे फादर म्हणतात. आम्ही शंभर वर्षं इथे आहोत आणि गावात आमच्या घराला अजून ओढ्यापलीकडचे म्हणतात. प्रत्येक घराला इथे एक टोपणनाव असतंच, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. आजोबांचं ओढ्यापलीकडे वांग्याचं शेत होतं, त्यावरून पडलं असणार. शेत आजोबांनी माझ्या लहानपणी घेतलं आणि नाव त्याआधीपासून आहे, असं लिबेरा म्हणते. तिचं गणित कच्चं आहे.

फादरनी कपाट उघडून दिलं. बाप्तिस्म्याच्या अकरा वह्या, लॅटिन, अक्षर माशी शाईत बुडून चालल्यासारखं. एक पान वाचायला चाळीस मिनिटं लागली. ते पान अनुक्रमणिकेचं निघालं.

११ फेब्रुवारी

संशोधनाची पद्धत सापडली. आमच्या घरात नावं दोनच. वितोचा मुलगा निकांद्रो, निकांद्रोचा वितो. मी निकांद्रो, वडील वितो, आजोबा निकांद्रो, म्हणजे पणजोबा वितो आणि त्यांचे वडील निकांद्रो. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, हा आमच्याकडचा कायदा आहे. पोर दगावलं तर पुढच्या पोराला तेच नाव, पण नाव खाली पडू द्यायचं नाही. आमची आसुन्ता आत्या तिसरी आसुन्ता होती. अशी शिस्त ठेवणाऱ्या घराचा कागद सापडणार नाही असं होणारच नाही.

४ मार्च

एक महिना झाला. आठव्या वहीवर आहे. डोळे चुरचुरतात. लिबेरा म्हणाली, चष्मा बदल. मी म्हटलं, चष्मा ठीक आहे, वह्या जुन्या आहेत.

११ मार्च

सापडला.

वर्ष १८६१, एप्रिलची नऊ तारीख. वितो, वडील निकांद्रो, आई रोझा, जन्म याच गावात. फादरना हाक मारली. ते आले, बघितलं आणि म्हणाले, नावाच्या शेजारी समासात छोटा क्रॉस आहे. मी म्हटलं, हो, बघितलाय. सगळ्या पानावर तिघाचौघांनाच आहे, म्हणजे खास घराणी असणार, देणगीदार वगैरे. फादरनी त्या क्रॉसवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, आमच्या गावाकडे मेणबत्ती लावतात, तशी लावू का? मी म्हटलं, लावा की. परका माणूस असून त्यांना आनंद झाला, मला बरं वाटलं.

घरी सांगितलं. लिबेराने हात पुसले आणि विचारलं, क्रॉस कसा होता? मी म्हटलं, शाईचा. ती म्हणाली, बरं.

२७ मार्च, गुरुवार

वर्ष मिळालं म्हणून तिल्देबाईंकडे. किल्ली मिळाली, वही मिळाली, जन्माची नोंद मिळाली. फोटोकॉपी दिली. सही शिक्क्याची प्रत नंतर, कारण शिक्का दुरुस्तीला. परत म्हणाल्या, मृत्यूची वही पण काढू का? मी म्हटलं, बाई, तुम्हाला मेलेल्यांचंच फार. त्यांनी खांदे उडवले. बारा वाजले होते.

२ एप्रिल

फोटोकॉपीला फ्रेम केली. दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोच्या वर लावली. रोज सकाळी कॉफी घेताना पणजोबाला गुड मॉर्निंग म्हणतो. लिबेराचा भाऊ जेरार्दो पिएत्रालोंगाहून चीज घेऊन आला होता, त्यालाही दाखवली. म्हटलं, वाच, मोठ्याने वाच. त्याने वाचलं, आईचं नाव पुन्हा वाचलं आणि बहिणीकडे बघितलं. मग चीज कापायला सुरी मागितली. जळफळाट होणारच. त्यांच्या गावात संत अॅनाची मूर्ती आहे, पण ती हलकी आहे.

१७ एप्रिल

एल्विओने फ्रेम बघितली. चांगली आहे म्हणाला. पण समितीला पणजोबाच्या लग्नाची नोंदसुद्धा लागते. हे आधी का नाही सांगितलंस? म्हणे, तू पहिला कागद आणशील असं वाटलं नव्हतं.

८ मे

लग्नाची नोंद मिळाली. चर्चमध्ये, १८८८. वितो, वडील निकांद्रो, आई रोझा. बायको इथलीच, तिच्या बापाच्या घरी राहायला गेला. सगळं जुळलं.

दोन किरकोळ गोष्टी. एक, वय चोवीस लिहिलंय. सत्तावीस पाहिजे. लष्करात जायला नको म्हणून तीन वर्षं कमी सांगितली असतील, किंवा मुलीला तरुण नवरा हवा असेल. दोन, नवऱ्याच्या गावाचं नाव जिथे असतं तो पानाचा कोपरा उंदराने खाल्लाय. बरोबर तेवढाच. उंदीरसुद्धा पलीकडचाच असणार.

एल्विओने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, सही शिक्क्याची प्रत आण, मग बघू. म्हणजे झालंच.

१२ मे

सराव सुरू. अंगणात शिडी आडवी धरून, एका टोकाला सिमेंटची गोणी. अकरा पावलं चाललो. लिबेरा दारात उभी राहून म्हणाली, सत्तर वर्षांच्या माणसाने हे करू नये. मी म्हटलं, आत्तिलिओ एकोणऐंशीला करायचा. ती म्हणाली, आत्तिलिओ नुसता हात लावायचा.

१३ मे

कंबर.

१४ मे

कंबर.

२० मे

सराव मनातल्या मनात चालू आहे. तेही महत्त्वाचं असतं. मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे मोजून ठेवले, सतरा. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. बोलोन्याला मुलीला फोन करून सांगितलं, १५ जूनला ये, बाप पुढच्या उजव्या दांड्याला आहे. ती म्हणाली, पप्पा, बघते. येईल.

१० जून, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त आहे.

दहाला तिल्देबाईंकडे. शिक्का दुरुस्त होऊन आलाय. त्यांनी प्रत टाइप केली, शिक्का उचलला आणि तसाच हातात धरून म्हणाल्या, शिक्का मारायचा तर मला दोन्ही वह्या बघाव्या लागतात, तुम्हाला आवडो न आवडो. तळघरात गेल्या. मी हीटरकडे बघत बसलो. जूनमध्ये हीटर.

वही उघडून माझ्याकडे फिरवली. १८६२, मार्चची सहा. वितो, वय अकरा महिने. वडील निकांद्रो, मेंढपाळ, राहणार पिएत्रालोंगा, हिवाळ्यापुरता कळप घेऊन इथे. आई रोझा.

मी म्हटलं, हा दुसरा वितो. त्या म्हणाल्या, हो, दुसरा आहे, पण तो तुमचा. हा पहिला. मग त्यांनी पिएत्रालोंगाच्या ऑफिसला फोन लावला. तिथे बाई पहिल्या रिंगला उचलते, हे लिहून ठेवतो. पाच मिनिटांत तिकडून वाचून दाखवलं. वितो, १८६४, आईबाप तेच, जन्म पिएत्रालोंगा, कारंज्याची गल्ली. १८८८ मध्ये चोवीस.

तिल्देबाई म्हणाल्या, पहिलं गेलं की पुढच्याला तेच नाव, तुम्हाला काय सांगायचं. आमच्या घरात तीन तेरेसा झाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे तीन आसुन्ता. त्या म्हणाल्या, मग? त्यांनी कॉफी विचारली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

समासातला क्रॉस देणगीचा नव्हता, दगावलेल्या पोरांचा होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एल्विओकडे गेलो. म्हटलं, कागद पलीकडचा निघाला. तो सॉसेज बांधत होता, बांधतच राहिला. म्हणाला, तुम्हाला ओढ्यापलीकडचे का म्हणतात असं वाटत होतं तुला? मी म्हटलं, वांग्याचं शेत. दुकानात दोन बायका होत्या. त्या हसल्या नाहीत, हे जास्त वाईट.

म्हटलं, माहीत होतं तर जानेवारीत का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

घरी आलो. लिबेराला सांगितलं. सगळं, फोनसकट. वाट बघत होतो की ती आता एक्केचाळीस वर्षांचा वचपा काढेल. ती म्हणाली, बस, जेवून घे, कावातेल्ली पास्ता गार होतो. मग दोन घासांनंतर म्हणाली, मला लग्नाआधीपासून माहीत आहे. आजी म्हणायची, तो बसवाला पोरगा आपल्या कारंज्याच्या गल्लीतला आहे, याचा पणजोबा तिकडे घरजावई गेला. नाहीतर तोर्रेफ्रेद्दाच्या माणसाला आमच्यात मुलगी दिली असती का?

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी तुझ्या गावाला नको नको ते बोलत होतो.

म्हणाली, तुला बोलायला काहीतरी लागतं.

११ जून

फ्रेम काढून कपाटात ठेवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. कॉफी घेताना सवयीने तोंडातून गुड मॉर्निंग निघालं.

१२ जून

फ्रेम परत भिंतीवर. मी नाही लावली. खाली छोटा दिवा लावलाय. मी म्हटलं, हा आपला कुणी नाही. लिबेरा चिडली. क्वचित चिडते. म्हणाली, नाही कसा? मेंढरं घेऊन हिवाळ्यात आलेली बाई, इथे पोर झालं, पुढच्या हिवाळ्यात इथेच पुरलं आणि वसंतात कळपामागे डोंगर चढून निघून गेली. कबरीकडे बघायला मागे कुणी नव्हतं. दोन महिने तू त्याला रोज सकाळी हाक मारलीस. एकशे साठ वर्षांत तेवढं कुणी केलं नसेल. राहू दे त्याला.

मग भांडी घासता घासता म्हणाली, तुमच्या अख्ख्या घराण्यात खरा तोर्रेफ्रेद्दाचा तेवढा एकच.

मला वाईट वाटलं. दांड्याचं नाही. म्हणजे दांड्याचंही. पण मी त्या पोराच्या क्रॉसला देणगी म्हटलं होतं, त्याचं जास्त. फादरना कळलं होतं, म्हणून मेणबत्ती. सगळ्यांना कळत होतं.

१५ जून, सान वितो

मुलीचा फोन, जमत नाही. बरंच झालं.

पुढच्या उजव्या दांड्याला एल्विओचा टोरंटोचा पुतण्या. आयुष्यात दुसऱ्यांदा गावात आलाय, आपली भाषा येत नाही, पायात पळायचे बूट. पण पणजोबाचा कागद आहे. सतरापैकी अकरा खड्ड्यांत पाय घातला त्याने. मी मोजले. मला रस्ता माहीत असून उपयोग नव्हता.

मूर्ती आमच्या दारावरून गेली तेव्हा एल्विओने मान हलवली. मीही हलवली. फादर चालता चालता थांबले, आमच्या खिडकीकडे बघितलं, तिथून दिवा दिसतो. त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुढे गेले.

२ जुलै

विचारांती लक्षात आलं की हे फार उत्तम झालं. मी पिएत्रालोंगाचा. त्यांची संत अॅना २६ जुलैला. मूर्ती हलकी आहे, कमरेला सोसेल. समितीचा अध्यक्ष सख्खा मेहुणा. कागद पक्का, शिक्क्यासकट, पहिल्या रिंगला मिळालेला. यात अडायला काही जागाच नाही.

संकल्प: १) उद्याच जेरार्दोकडे. २) पिएत्रालोंगाबद्दल वाईट बोलणं बंद. ३) वाइन फक्त जेवताना.

३ जुलै

जेरार्दोने कागद वाचला, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला. म्हणाला, रक्त आपलंच आहे, कुणी नाही म्हणत नाही. मी म्हटलं, मग कुठला दांडा? तो म्हणाला, दांड्यांची माणसं ठरलेली असतात. वेटिंग लिस्ट आहे. मी म्हटलं, लिस्टमध्ये घाल. त्यावर त्याने एकेक नाव घेतलं. हा अमुक, याला तू ब्याऐंशी साली सात दहाच्या बसला दार लावलंस, बायको बाळंतीण होणार होती. हा तमुक, पळत येत होता, तू आरशात बघून गाडी काढलीस. या दोघा भावांना तू डिसेंबरात दोनदा सोडलंस. हे लोक तुझ्या खांद्याला खांदा लावून चालतील असं तुला वाटतं?

मी म्हटलं, टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल. तो म्हणाला, बरोबर आहे, आमचीही लिस्ट म्हणजे लिस्ट.

आरशात बघितलं होतं हे खरं आहे. तेव्हा बरोबर वाटायचं.

परत निघताना तो फाटकापर्यंत आला. म्हणाला, एवढा आलास तर रिकामा पाठवत नाही. काही ना काही काम देऊ. गावचा जावई आहेस.

२६ जुलै, संत अॅना

काम मिळालं. लाल निशाण. खालच्या वळणावर उभं राहायचं आणि मिरवणूक रस्ता ओलांडेपर्यंत सहा दहाची बस अडवून धरायची. जेरार्दो म्हणाला, त्या बसची वेळ तुझ्याइतकी कुणाला पाठ नाही.

पांढरा शर्ट घातला. इस्त्रीचा होता तसाच होता.

बस आली, एक मिनिट लवकर. मी निशाण पुढे केलं. दारिओ, माझ्यानंतर लागलेला ड्रायव्हर, ब्रेक दाबून खिडकीतून वाकला. वर घंटा वाजत होती, लिबेरा तिच्या मैत्रिणींबरोबर मूर्तीमागून गात येत होती. मी उभाच. तोर्रेफ्रेद्दाचे आठ दहा लोक काचेतून बघत होते, त्यात एल्विओची बायकोसुद्धा.

दारिओ म्हणाला, निकांद्रो, तुम्ही इकडे कसे? खिशात कागद होता, शिक्क्याचा, चार घड्या घातलेला. काढणार होतो. १८६४ पासून सुरुवात करायची म्हणजे पंधरा मिनिटं गेली असती.

म्हटलं, बायको इथली आहे.

हां, म्हणाला, आणि इंजिन बंद केलं. कागद मागितला नाही.